लाल टिनावरचा शब्द

मी एक जुना लाकडी ठसा आहे, आणि मला एका जागी बसता येत नाही. हा स्वभावाचा दोष म्हणा की बांध्याचा. माझ्या अंगावर इंग्रजीतला 'ओ' कोरलेला आहे. पेटीतली बाकीची अक्षरं चौकोनी ठोकळ्यांवर आहेत; ठेवली तिथं राहतात, श्रीमंत घरच्या पाहुण्यांसारखी. मी गोल. पेटी जरा कलली की मी या कडेहून त्या कडेला. झाकण उघडलं की पहिली उडी माझी. मित्रांनो, तुमच्या वर्गातही असा एक जण असेल, ज्याला मास्तर दिवसभर 'बस खाली' म्हणतात. पेटीतला तो मी.

माझा जन्म जवळा बाजारातला. अल्लाबक्ष सुतार बाजा, पाळणे आणि गाडीची चाकं करत असे. त्याची बायको खतीजाबी कापडावर भरतकामाचे नमुने छापून देत असे. निळीत थोडं रॉकेल कालवायचं, ठसा त्यात टेकवायचा आणि कापडावर दाबायचा. मग बायका त्या निळ्या रेघेवरून रंगीत दोऱ्याचे टाके घालत. आधी तिच्याकडे मोर, कोयऱ्या आणि वेली एवढेच ठसे होते. पण सन चौतीस-पस्तीसच्या सुमारास लग्नांत नवी टूम निघाली. रुखवत असो की जहेज, नवरीच्या उशीच्या अभ्र्यावर इंग्रजी शब्द पाहिजे. सरकारदरबारी उर्दू चाले, बाजारात मराठी, आणि इंग्रजी कोणालाच येत नसे. म्हणूनच ती उशीवर हवी होती. जे कोणाला वाचता येत नाही त्यात कोणी खोड काढत नाही, हे लोकांना बरोबर कळतं.

अल्लाबक्षनं एका अधिकाऱ्याच्या मुलाचा इंग्रजी कित्ता मागून आणला आणि शिसमाच्या फळीतून अक्षरं कोरायला घेतली. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कापडावर सुलटं उमटतं. 'एस' कोरताना तो घामाघूम झाला. मला मात्र उलट काय आणि सुलट काय, सगळं सारखंच. मधेच फळी कमी पडेल असं दिसलं, तेव्हा त्यानं मला बाजेच्या शिसमी पायाच्या उरलेल्या तुकड्यातून काढलं. बाजेचाच जन्म, म्हणून आयुष्य उशीवर गेलं. शिसम संपल्यावर राहिलेली अक्षरं त्यानं आंब्याच्या लाकडातून उरकली. खतीजाबी म्हणाली, "अजी, आंबा टिकंल का?" तो म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त टिकंल." दोघांचंही म्हणणं काही अंशी खरं ठरलं.

ती वर्षं धावपळीची होती. लोकांना शब्द तीनच माहीत: वेलकम, स्वीट ड्रीम आणि गुड लक. 'स्वीट ड्रीम'मध्ये मला काम नसे. तेव्हा मी पेटीत घुसमटत पडून राही. 'गुड लक' आलं की मी दोनदा उठे, लागोपाठ. खतीजाबीला उर्दूची सवय, म्हणून पहिला अभ्रा तिनं उजवीकडून छापत नेला. त्या घरानं तो मोठ्या अभिमानानं लग्नात मांडला आणि बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. पुढं चूक लक्षात आल्यावरही तिनं त्या घरी सांगितलं नाही. त्यांची झोप चांगली चालली होती.

एका हंगामात कापसाच्या आडत्याचा मुनीम मला उसना घेऊन गेला. पोत्यांवर आकडे टाकायचे होते आणि त्याच्याकडचं शून्य हरवलं होतं. तिथं मला एक गोष्ट कळली. मी आकड्याच्या पुढं बसलो की लोक माझी किंमत करत आणि एकटा पडलो की कोपऱ्यात ढकलत. माणसंही एकमेकांचा हिशेब असाच करताना मी पुढं पुष्कळ पाहिली. मुनीम मला परत द्यायला स्वतः आला नाही. मागायला मात्र स्वतः आला होता.

मग अल्लाबक्ष गेला. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात खतीजाबीनं पेटी उघडली, तर तळाशी पिवळा भुसा. आंब्याच्या लाकडातली सगळी अक्षरं भुंग्यानं खाल्ली होती. हात लावला की चुरा होई. 'डब्ल्यू' गेला, 'एम' गेला, 'डी', 'जी', 'सी', 'के' सगळे गेले. वेलकम, स्वीट ड्रीम, गुड लक तिन्ही एकाच दिवशी बंद. उरलो आम्ही शिसमाचे, जुने आणि कडक: ए, ई, आय, एल, एन, ओ, पी, आर, एस आणि टी. दुसऱ्या सुताराला नवी अक्षरं करायला सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढं वखराचं काम होऊ द्या." त्याचं वखराचं काम अजून झालेलं नाही.

खतीजाबी हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिनं गल्लीत सांगून टाकलं, "शब्द तुमी आणा. माह्या पेटीत बसला तर छापून देईन."

आणि मित्रांनो, शब्दांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं त्या बायका डबे, बाटल्या, काड्यापेट्या आणि साबणाचे कागद पदराखाली घेऊन येऊ लागल्या. खतीजाबी आम्हाला पाटावर ओळीनं मांडी. आणलेल्या शब्दातलं एकेक अक्षर आमच्या कापडावरच्या छापाशी ताडून पाही, आणि जुळलं की त्यावर ज्वारीचा दाणा ठेवी. सगळ्या अक्षरांवर दाणे बसले तर शब्द पास. एकही उघडं राहिलं तर शब्द परत.

शेजारची हलीमा एका कुलुपावरचा शब्द कोळशानं फरशीवर काढून म्हणाली, "खाला, एकच अक्षर कमी हाय. तेवढं सोडून छापा की."

"तीन पायाची बाज नेशील का गं सासरी?"

"सासरी न्हाई नेणार, पण तुमच्याकडून फुकट मिळाली तर घेईन."

असं चाले. काड्यापेटीवरून 'लायन' मिळाला, साबणाच्या कागदावरून 'रोज', चहाच्या डब्यावरून 'टी'. अर्थ विचारायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी आपली एक रीत बसवली. खतीजाबी विचारी, "शब्द कुठं बसला होता?" साबणावर बसला असेल तर तो वासाचा, चहावर असेल तर तरतरीचा, औषधावर असेल तर गुणाचा. माणूस कोणाच्या ओट्यावर बसतो त्यावरून आपण त्याची पारख करतो, तशीच ही. रेल्वेच्या पाटीवरचा 'स्टेशन' सगळ्या दाण्यांनिशी पास झाला, पण एक आई म्हणाली, "टेसनावरून मानूस निघून जातं. माह्या पोरीच्या उशीवर नको." तो शब्द परत गेला. रीत एवढी पक्की होती.

लढाईचे दिवस आले. कापड कंट्रोलवर गेलं. मांजरपाटाचा तुकडा मिळायलाही चिठ्ठी लागे. एकदा छापलेला अभ्रा बिघडला तर दुसरा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा वेळी पुंजाजी आणि अनुसयाबाई आले. हे मेंढ्या राखणारं घर. बाजारापासून चालत येण्याजोग्या वस्तीवर त्यांचा मेंढ्या कोंडायचा वाडगा होता. त्यांच्या चंद्रभागाचं लग्न ठरलं होतं. मुलगा हरिचंद हिंगोलीला रेल्वेच्या मालधक्क्यावर पहारेकरी. नोकरीतला जावई, म्हणून अनुसयाबाईला रुखवतात इंग्रजी उशी हवीच होती. पुंजाजीनं घोंगडीतून एक लाल टिन काढलं आणि पाटावर ठेवलं.

"खतीजाबी, ह्यो शब्द बघा. ह्यानं माहा कळप वाचवला."

दोन वर्षांपूर्वी मेंढ्यांना खरूज झाली होती. लोकर गळून अंग उघडं पडलं होतं. जनावरांच्या सलोतरीनं हे टिन दिलं. त्यातलं औषध पाण्यात कालवून मेंढ्या बुचकळल्या आणि कळप उभा राहिला. टिनावर एक मोठा शब्द होता, आणि खाली गंजलेलं चित्र. चित्राचा वरचा भाग गंजानं खाल्ला होता. दातांची एक ओळ तेवढी शिल्लक होती.

"कोनीतरी हसून राहिलंय," अनुसयाबाई म्हणाली. "खुशीचा शब्द दिसतो."

खतीजाबीनं दाणे घेतले. पी, आहे. ओ, म्हणजे मी, आहे. आय आहे. एस आहे. पुन्हा मी. एन आहे. सगळ्या अक्षरांवर दाणे बसले.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही आत्ताच हसले असतील. हसू नका, जरा दम धरा. तिथं त्या ओट्यावर तुमच्यासारखं इंग्रजी शिकलेलं कोणी नव्हतं.

"बसला कुठं होता?" खतीजाबीनं रीतीप्रमाणे विचारलं.

"अवशदावर."

"मंग गुणाचा."

तिनं मला निळीत टेकवलं आणि दोनदा दाबलं. मी फार खूष होतो. 'गुड लक' बंद पडल्यापासून एका शब्दात दोनदा उठायची पाळी आली नव्हती. चंद्रभागानं तो अभ्रा वाडग्याच्या सावलीत बसून सगळा उन्हाळाभर भरला. लाल दोरा, बारीक टाके. टिन लाल होतं म्हणून दोराही लाल.

लग्न वस्तीवरच लागायचं होतं; मी पेटीत घरीच होतो, तिथलं मला मागाहून कळलं. रुखवत मांडलं: सुपं, पाट, लोकरीची घोंगडी, आणि मधोमध ती उशी. हरिचंदनं मालधक्क्यावरच्या बाबूला आग्रहानं बोलावलं होतं. बाबू भला माणूस. फक्त त्याला दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची सवय होती. रुखवताजवळ येऊन त्यानं वाचायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"हे कोणी भरलं?" त्यानं हळूच विचारलं.

"पोरीनं," अनुसयाबाई कौतुकानं म्हणाली. "काय लिवलंय ते सांगा की समद्यांना."

बाबूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही. तो म्हणाला, "विष."

वाजंत्री थांबली. मुलाचे वडील मसाजी उठून उभे राहिले. "पोराच्या उशाला इख? काहून? आमी काय वंगाळ केलं तुमचं?" त्यांनी डोक्याचं मुंडासं सारखं केलं. "चला. गाड्या जुंपा."

बैल चरायला सोडलेले होते; ते आणायला माणसं गेली. एक पोरगं धावत खतीजाबीकडे आलं. ती हातातलं काम टाकून निघाली, आणि का कोण जाणे, पेटी काखेत मारून निघाली. रस्ताभर मी पेटीत आपटत होतो. माझ्याच अंगाचे दोन लाल गोल तिथं मांडवात पडले होते आणि त्यांच्यामुळे एक लग्न मोडायला आलं होतं. त्या दिवसासारखी तगमग मला आधी कधी झाली नव्हती.

खतीजाबी मांडवात येऊन मसाजींपुढं उभी राहिली. "शब्द माह्या पेटीतला हाय. छाप माहा हाय. पोरीचा काय कसूर? आना इकडं, उसवून देते."

मुलाच्या आईनं, गयाबाईनं, अभ्रा हातात घेतला आणि बोटानं टाके चाचपले. "उसवून काय व्हनार? भोकं राह्यतील. भोकांनी बी तोच शब्द दिसंल. दुसरं कापड आनता का तुमी आत्ता?"

दुसरं कापड कोणाकडेच नव्हतं. मसाजी गाडीकडे वळले.

"उसवू नका."

हा आवाज मुंडावळ्यांच्या मागून आला. नवरी मांडवात बोलत नसते. म्हणून सगळे ऐकायला थांबले.

चंद्रभागा म्हणाली, "मेंढ्या खाजवून खाजवून भिताडाला अंग घाशीत व्हत्या. रगत यायचं. आमी दोघी मायलेकींनी एकेक मेंढी धरून पान्यात बुचकळली. माह्या हाताची कातडी गेली. ते टिन मी रोज धुऊन ठिवायची, अन् रोज ह्यो शब्द बघायची. त्याचं नाव काय, मला कोनी सांगितलं न्हाई. त्यानं काय केलं, ते मी बघितलं. तुमच्या घरचं वाईट व्हावं म्हनून न्हाई भरला."

गयाबाई बाबूकडे वळली. "बाबूसाहेब, ह्ये इख कोनासाठी असतं?"

"खरजेच्या किड्यांसाठी, बाई. माणसानंही लांबच राहावं. म्हणून तर टिनावर छापतात."

"आसं." गयाबाईनं उशी उचलून काखेत घेतली. "मंग किडं भ्याले पायजेत, आमी काहून भ्यावं? आमच्या घरात ढेकणं लई झालीत. ह्याच उशीवर निजवते त्यांना."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मसाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "अन् पोरानं कशावर निजायचं?"

"त्याच्या बापासारखं. तुमी तं मेंढीच्या पाठीवर बी घोरता."

आता मात्र वऱ्हाड हसलं, आणि हसलेल्या वऱ्हाडाला गाड्या जुंपता येत नाहीत. मसाजींनी मुंडासं पुन्हा सारखं केलं आणि जागेवर येऊन बसले. वाजंत्री सुरू झाली. पुंजाजीनं डोळे पुसले ते घोंगडीनंच. गयाबाईनं नव्या सुनेच्या कानाशी एवढंच सांगितलं, "निजायचं मातर न्हाई हिच्यावर. जागा शोधू हिच्यासाठी."

घरी आल्यावर तिनं आम्हाला पाटावर मांडलं आणि बराच वेळ बघत बसली. त्या दिवसापासून रीत बदलली. शब्द पेटीत बसला, चांगल्या जागेवरचा असला, तरी ती म्हणे, "आता नाव विचारून या." बायका कुरकुरत. बाबू बाजाराच्या दिवशी आला की त्याच्याभोवती डबे आणि बाटल्या घेऊन घोळका जमे. तो बिचारा साबण वाचून थके.

मग अठ्ठेचाळीस साल आलं; जुनं राज्य जायला आलं होतं. त्या पावसाळ्यात सगळीकडे धास्ती होती. दुकानं अर्धी उघडी, रस्ते ओस. कोण कोणाला भितंय तेही कळत नसे. खतीजाबीच्या भावानं तिला नांदेडला बोलावून घेतलं. गाडीत माणसांनाच जागा नव्हती. वाटेत वारंग्याजवळ चंद्रभागाचं सासर लागे. तिथं ती उतरली आणि पेटी चंद्रभागाच्या हातात दिली.

"ठिवून घे, बेटी. आले तर नेईन."

"आले तर काहून म्हनता, खाला? या की."

खतीजाबी गाडीत चढली. गाडी गेली.

पेटी फडताळाखाली सरकवली गेली. माझ्यासारख्याला याहून वाईट शिक्षा नाही. ना निळीचा वास, ना मांजरपाट. बाहेर काय चाललंय ते कळत नव्हतं. माणसं हळू बोलत आणि दार लवकर लावत. मी अंधारात या कडेहून त्या कडेला लोळत होतो. खतीजाबी कुठं असेल, येईल की नाही, कोणी सांगेना.

एके दिवशी झाकण उघडलं. चंद्रभागाची तीन वर्षांची लेक, ठकू, आत डोकावत होती. तिला चौकोनी अक्षरांत गंमत वाटली नाही. तिनं मला उचललं, अंगणात नेलं आणि चाकासारखं सोडून दिलं. मी काय थांबणार? अंगण ओलांडलं, लेंड्यांतून उड्या मारत मेंढ्यांच्या वाडग्यात शिरलो आणि मागच्या भिंतीला जाऊन थडकलो. ठकू माझ्यामागं धावत आली, वाकून मला उचललं आणि वर पाहिलं.

वर भिंतीत एक देवळी होती. देवळीच्या कडेला लाल टिन दिसत होतं. नवं, औषधानं भरलेलं. लहान हात सहज पोचेल एवढ्याच उंचीवर. आणि देवळीसमोर पडद्यासारखा तो अभ्रा टांगलेला होता. गयाबाईनं शोधलेली जागा ती हीच. लाल दोरा अजून तसाच होता.

वाडग्यात दुसरं कोणी नव्हतं. ठकूनं एक हात वर नेला. अभ्र्याच्या कडेला धरलं. तो बाजूला सारला असता तर मागं टिनच होतं. माझ्यात काही करायची शक्ती नव्हती. मी तिच्या दुसऱ्या मुठीत होतो.

तिनं मूठ उघडली. माझ्याकडे पाहिलं, मग कापडावरच्या लाल गोलाकडे. मला उचलून त्या गोलावर धरलं. बरोबर बसलो. दुसऱ्या गोलावर धरलं. तिथंही बसलो. मग तिनं कापड सोडलं, दोन पावलं मागं सरली, आणि आईच्याच आवाजात स्वतःला दटावलं, "लाल गोल हायेत. हात न्हाई लावायचा."

चंद्रभागानं तिला एवढंच शिकवलं होतं. अक्षर नाही, उच्चार नाही. दोन लाल गोल दिसले की मागं फिरायचं. मित्रांनो, मी कितीतरी उशांवर उमटलो, पण नुसत्या माझ्या गोलावरून शब्द वाचणारं पहिलं माणूस ती.

थंडी पडल्यावर खतीजाबी आली. वाळली होती, पण आली होती. चंद्रभागानं तिला वाडगा दाखवला. ती देवळीपुढं उभी राहिली, अभ्र्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शब्द चुकला नव्हता. उशी चुकली होती. आता बसला बराबर."

"ह्यो शब्द आनखी छापा की आता," चंद्रभागा पेटी पुढं करत म्हणाली. "दुसऱ्या वाडग्यांवाल्या बाया मागून राह्यल्यात. त्यांच्या बी देवळ्या हायेत अन् लेकरं बी."

खतीजाबीनं नीळ मागितली.

म्हणून मित्रांनो, घरात शब्द आणाल तेव्हा तो कुठं बसला होता हे विचाराच, आणि त्याचं नावही विचारा. मग त्याच्या जोगी जागा त्याला द्या. आम्हा जुन्या ठशांना पावसाळ्याआधी थोडं तेल लावा, म्हणजे भुंगा येत नाही. आणि पेटी बंद करताना माझ्या बाजूला चिंधीचा एक बोळा खोचा. तेवढ्यानं मी थांबतो. फार वेळ नाही, पण थांबतो.